समूनं परत दिलेला हात

हे सांगायला मी दोनदा तोंड उघडलं होतं. एकदा नवऱ्यापुढे, जेवताना. तेव्हा भाजीत मीठ कमी पडलंय का असं विचारून मोकळी झाले. दुसऱ्यांदा समूच्या आईपुढेच, आणि तेव्हाही दुसरंच काहीतरी बोलले. त्या दिवसाला आता पाच वर्षं होतील. पाच वर्षांत ही गोष्ट माझ्या तोंडातून एकदाही बाहेर पडलेली नाही. मग तुमच्यापुढेच का काढतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असता तर — तर मी गप्पच बसले असते, खरं सांगायचं तर.

मला भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते. पहिली दोन वर्षं पकडली जाण्याची भीती होती. ती पुष्कळ बरी होती. आता जी वाटते ती वेगळी आहे, आणि ती माझ्यासाठी नाही.

मी ब्रह्मपुरीला राहते. शिक्षण संपल्यावर मुलांच्या मेंदूवरच्या एका अभ्यासात कामाला लागले. इथल्या आणि परदेशातल्या काही संस्थांनी मिळून तो चालवला होता. ऑटिझम असलेली मुलं, एडीएचडी म्हणतात तशी अतिचंचल मुलं, आणि ज्यांना यातलं काही नाही अशीही मुलं — सगळ्यांच्या मेंदूचे एमआरआय काढायचे, सगळीकडे एकाच पद्धतीनं. मग ते एकत्र ठेवून पाहायचं, या मेंदूंत काय सारखं आहे आणि काय वेगळं. आतापर्यंत असे फोटो निघाले ते बहुतेक शहरातल्या मुलांचे, त्यातही बोलणाऱ्या मुलांचे. जी मुलं बोलत नाहीत ती त्या यंत्रात निश्चल पडून राहत नाहीत, म्हणून त्यांचे मेंदू कुणी फारसे पाहिलेलेच नव्हते. आमच्या डॉक्टर मॅडमना हेच खटकायचं. त्या पुण्याहून यायच्या, इकडच्या कामाच्या प्रमुख. म्हणायच्या, "ज्यांना बोलता येत नाही, ती मुलं आपल्या हिशेबातच नाहीत."

माझं काम सोपं होतं. म्हणजे ऐकायला सोपं. चंद्रपूर आणि गडचिरोलीतली गावं फिरायची — जीपनं, पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलवर. आईबापांशी त्यांच्या बोलीत बोलायचं, संमतीचा कागद वाचून दाखवायचा, आणि मुलाची तयारी करून घ्यायची. पावसाळ्यात भामरागडकडचे रस्ते तुटले की मी इकडची तलावाकाठची गावं घ्यायची. समू मला तशाच एका पावसाळ्यात भेटली.

समू म्हणजे समीक्षा. तेव्हा नऊ वर्षांची. वडील देवाजीभाऊ गावच्या तलावात मासे धरायचे, आई कुंदाबाई ते बाजारात नेऊन विकायची. समू एक शब्दही बोलत नव्हती. कुणाकडे बघायची नाही. दारातल्या जाळ्याचे शिशाचे मणी बोटांनी एकेक करून सरकवत बसायची, तासन्‌तास.

पहिल्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले आणि शिकवलं होतं तसं हळूच तिचा हात धरला. तिनं माझा हात उचलला, उलटा केला, आणि माझ्याच छातीवर नेऊन ठेवला. मग पुन्हा मण्यांकडे वळली.

कुंदाबाई हसली. "ते तिचं 'नाई' आहे, ताई," म्हणाली. "तुमचा हात तुमाले वापस केला. तिले नाई पायजे असलं का असंच करते."

"सगळ्यांशी असंच?"

"सगळ्याईशी. तिच्या बापालेबी. पन कोनाले समजत नाई. मलेच तं समजाले सहा वर्षं लागले, बाप्पा."

म्हणजे आता जगात दोघींना ते समजत होतं. कुंदाबाईला आणि मला. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! मी डायरीत ते लिहिलं नाही. का लिहिलं नाही? तेव्हा वाटलं, नंतर नीट लिहू. आता वाटतं, ते माझ्याकडेच राहावं असं मला हवं होतं.

दोन-अडीच महिने मी तिच्याकडे जात राहिले. एक निळा प्लास्टिकचा ड्रम मिळवला, दोन्ही तोंडं कापून आडवा ठेवला, आत चादर अंथरली आणि मी फोनवर एमआरआयचा आवाज लावायची — ठकठक, घर्रर्र, पुन्हा ठकठक. समूला तो ड्रम आवडला. आत शिरून पडून राहायची, प्लास्टिकमधून येणारा निळा उजेड बघत. आवाज चालू असताना सुद्धा हलायची नाही. कधी कंटाळली की मी धरलेला हात मला परत द्यायची, मी आवाज बंद करायची, ती बाहेर यायची. इतकं साधं. तिला कळलं होतं की हात परत दिला की थांबतात. आणि मी थांबत होते. हे लक्षात ठेवा — मी थांबत होते, म्हणूनच तिचा माझ्यावर भरवसा बसला.

डॉक्टर मॅडमचा एक नियम होता, आणि त्यात त्या कधी ढिल्या पडल्या नाहीत. आईबापांनी सही केली तरी मूल नको म्हणालं की थांबायचं. कारण विचारायचं नाही, आमिष दाखवायचं नाही. एकदा एक अतिचंचल पोरगा चंद्रपूरच्या तपासणी केंद्रात आला, यंत्र पाहिलं आणि ओरडला, "मले नाई जाचं त्या बोगद्यात! मी चाल्लो घरी!" सगळे हसले. मॅडमनी स्वतः त्याच्या चपला शोधून दिल्या आणि गाडीपर्यंत सोडायला गेल्या. त्याला नाही म्हणता येत होतं, आणि सगळ्यांना ते ऐकू येत होतं.

समूचा दिवस ठरला तो हिवाळ्यातला. सकाळी कुंदाबाई, समू आणि मी गाडीनं चंद्रपूरला गेलो. गाडीत समू खिडकीच्या काचेवर कपाळ टेकून बसली होती, खुशीत होती. कुंदाबाईनं तिला नवा फ्रॉक घातला होता, पण त्याला मागे चेन होती — धातूची. मीच तो उतरवायला लावून केंद्रातला सुती सदरा घातला. कानातलं काढलं. हे सगळं तिनं करू दिलं.

कुंदाबाईला मात्र यंत्राच्या खोलीत येता येत नव्हतं. कधीतरी मोटारसायकलवरून पडून तिचं मांडीचं हाड मोडलं होतं, आत स्टीलची सळई होती. लोहचुंबकाच्या खोलीत तसल्या माणसाला सोडत नाहीत. तिनं समूचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुमी आहा तं मले फिकर नाई." बाहेर बाकावर बसली, पदर तोंडाशी धरून.

मी समूला घेऊन आत गेले.

त्या खोलीत थंडी फार असते. यंत्र सुरू नसलं तरी एक चिवचिव आवाज सारखा चालू असतो, कुठेतरी आत पक्षी अडकल्यासारखा. तो माझ्या फोनमध्ये नव्हता. उजेड निळा नव्हता, पांढरा होता. समू टेबलावर पडली — मी सांगितलं म्हणून पडली. तंत्रज्ञानं तिच्या कानांत बोळे घातले, वर जाड हेडफोन, आणि डोक्याभोवती पिंजऱ्यासारखा तो साचा बसवला. हातात रबरी फुगा दिला. घाबरलं की दाबायचा, बाहेर घंटी वाजते. समूनं तो हातात धरलाच नाही. तो घरंगळून खाली पडला. तंत्रज्ञ म्हणाला, "असू द्या, तुम्ही आहात ना जवळ," आणि तो काचेपलीकडे गेला. दार बंद झालं.

काचेपलीकडे डॉक्टर मॅडम होत्या. त्यांच्यासमोर संगणकावर परदेशातले दोघे-तिघे जोडले गेले होते, पहिली प्रतिमा बघायला. न बोलणारं मूल, भूल न देता, खेड्यातून आलेलं — त्याआधी आम्ही तिघांना आणलं होतं आणि तिन्ही वेळा जमलं नव्हतं. माझी पाठ काचेकडे होती. समू माझ्या पुढ्यात होती. म्हणजे माझ्या अंगाआड होती. हे मी मुद्दाम केलं नव्हतं. निदान तेव्हा तरी नव्हतं.

मी तिचा हात धरला होता. तिनं तो सोडवला, माझा हात उलटा केला, आणि माझ्या छातीवर ठेवला.

मी हसले. काहीच झालं नाही असं हसले. आणि पुन्हा तिचा हात धरला.

तिनं पुन्हा तसंच केलं. या वेळी दोन्ही हातांनी, सावकाश. एखाद्या मंद माणसाला समजावून सांगावं तसं. माझा हात माझ्या छातीवर ठेवला आणि वरून दाबून धरला. पिंजऱ्याच्या दांड्यांमधून तिचे डोळे माझ्याकडे होते. ती कधीच कुणाकडे बघायची नाही — सांगितलं ना तुम्हाला? त्या वेळी ती माझ्याकडे बघत होती.

स्पीकरमधून मॅडमचा आवाज आला. "काय म्हणतेय ती? थांबायचं का?"

इतका सरळ प्रश्न. मला त्यातून निसटायला वाव नव्हता. कुणी मला घाई केली नव्हती. कुणी दबाव आणला नव्हता. मॅडमनी स्वतःहून विचारलं होतं, थांबायचं का, म्हणून. मी 'हो' म्हटलं असतं तर त्या उठून आल्या असत्या, समूच्या चपला शोधल्या असत्या.

मी वळून काचेकडे पाहिलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "नाही मॅडम. हो म्हणतेय. तयार आहे ती."

ते माझं पहिलं खोटं.

टेबल आत सरकलं.

मी तिच्या घोट्यावर हात ठेवून उभी होते. आवाज सुरू झाला — फोनमधला तो आवाज याच्यापुढे काहीच नव्हता. टेबल थरथरत होतं, ते माझ्या हाताला कळत होतं. समू हलली नाही. एकदाही नाही. पाऊण तास. मधेमधे स्पीकरवर मॅडमचा आनंद ऐकू येत होता — "किती छान! किती शांत पडलीय!" पण माझ्या डोळ्यांसमोर तिच्या पायांची बोटं होती. ती आत वळलेली होती, घट्ट, नखं पांढरी पडलेली. पाऊण तास ती बोटं सुटली नाहीत. शांत पडलेल्या मुलाची बोटं अशी असतात का? मला माहीत होतं, नसतात. मी हात वर करून खूण केली असती तरी यंत्र थांबलं असतं. मी दुसऱ्या हातानं ती बोटं झाकून धरली.

टेबल बाहेर आलं तेव्हा तिच्या दोन्ही कानांजवळचे केस ओले होते. उताण्या पडलेल्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी तिकडेच जातं. तंत्रज्ञ म्हणाला, घाम आलाय पोरीला. त्या थंडीत! मी म्हणाले, हो, घाम. आणि ओढणीनं पुसून घेतलं.

बाहेर कुंदाबाई उठून उभी राहिली. तिनं पहिलं काय विचारलं असेल? "'नाई' तं नाई म्हनली न ताई? भेली तं नाई?"

"नाही हो," मी म्हणाले. "हो म्हणाली. एकदम राणीसारखी पडली होती."

कुंदाबाई रडायला लागली, आनंदानं. मॅडमनी बाहेर येऊन माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, इतकी स्वच्छ प्रतिमा त्यांनी अशा मुलाची कधी पाहिली नव्हती. आणि मला बरं वाटलं. लपवत नाही — मला फार बरं वाटलं. समू माझ्या ओढणीचं टोक धरून उभी होती, आणि मला बरं वाटत होतं.

का केलं? मी पुष्कळदा कारणं जुळवून पाहिली आहेत. आपल्याकडची मुलंही त्या अभ्यासात यावीत, हे खरंच वाटायचं. एमआरआयनं शरीराला इजा होत नाही, हेही खरं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं. काचेपलीकडे लोक बघत होते आणि मला जमलं नाही असं व्हायला नको होतं. एवढंच होतं.

सहा महिन्यांनी मी घरी भेटायला गेले, ठरलेले प्रश्न विचारायला. कुंदाबाई मासे साफ करत होती. मला पाहून हात धुतले, चहा ठेवला, आणि खुशीत सांगायला लागली. "ताई, पोट्टी तं बम शहानी झाली! पयले आंघोय घालाले किती तरास. आता काईच नाई. केस कापू देते, सुई टोचू देते. कोनी उचलून नेलं तरी काई नाई म्हनत नाई."

माझ्या हातातला पेन तसाच राहिला. "हात परत देत नाही?" मी विचारलं.

"नाई न! सोडूनच देलं. तुमच्या त्या डरममंधी शिकली वाट्टे शांत राह्याचं."

समू ओसरीवर बसली होती, तेच मणी सरकवत. कुंदाबाई चहा गाळायला आत गेली आणि मी — हेही सांगायलाच हवं — मी एक वाईट गोष्ट केली. समूला ओल्या कपड्याचा स्पर्श सहन व्हायचा नाही, हे मला माहीत होतं. दोरीवरचा ओला टॉवेल मी घेतला आणि तिच्या मनगटावर ठेवला. मला बघायचं होतं. मला वाटत होतं, ती माझा हात उचलेल, उलटा करेल, आणि मी सुटेन.

ती हलली नाही. मणी सरकवायची थांबली फक्त. मी खाली पाहिलं. पायांची बोटं आत वळली होती.

मी टॉवेल काढला. कुंदाबाई चहा घेऊन आली. माझ्या कागदावर एक रकाना होता — मुलाच्या सहकार्यात काय बदल. मी लिहिलं, सुधारणा.

त्या एका शब्दाचं पुढे काय झालं माहीत आहे? मॅडमनी विचारलं, ड्रमच्या सरावानं घरच्या वागण्यातही फरक पडतो का. मी पडतो म्हणाले. मग मला दुसऱ्या जिल्ह्यांत पाठवायला लागले, नव्या कार्यकर्त्यांना तयार करायला. न बोलणाऱ्या मुलाचा होकार-नकार कसा ओळखायचा, हे मी शिकवते. चांगलं शिकवते. लोक वहीत लिहून घेतात. शिकवताना माझे तळहात ओले होतात, ते मी ओढणीला पुसते.

गेल्या वर्षी, दुपारी बाराच्या सुमारास कुंदाबाईचा फोन आला. ब्रह्मपुरीच्या बाजारात मासे घेऊन आली होती, समूच्या शाळेला सुट्टी होती म्हणून तिलाही सोबत आणली होती. फोनवर तिला नीट बोलताही येत नव्हतं. "ताई — समू दिसून नाई राह्यली. आत्ता इथीच होती. गिऱ्हाइकाले तोलून देलं तं — कुठी गेली कुठी —"

मी घरातून तशीच निघाले. त्या अर्ध्या तासाबद्दल मला फार सांगता येत नाही. बाजारात लोक एकमेकांना विचारत होते, कुणी मंदिराकडे धावलं, कुणी नाल्याकडे. समू तेरा वर्षांची होती, उंच झाली होती, अंगानं भरली होती. हाक मारली तर ओ देणार नाही. आणि कुणी हात धरला तर निघून जाईल — का, ते फक्त मला माहीत होतं. म्हणून मी मंदिराकडे गेले नाही. मी जिथून माणसं बाहेर जातात तिकडे पळाले. बसस्टँड. तिथे नाही. मग जीपचा अड्डा.

आरमोरीकडे जाणारी जीप भरत आली होती. मागच्या बाकावर समू बसली होती. शेजारी एक माणूस — चाळिशीचा असेल, पांढरा शर्ट, धुतलेला. त्यानं तिचं मनगट धरलं होतं.

मी ओरडले असेन, कारण लोक वळून बघायला लागले. तो म्हणाला, "मले का मालूम बाई? चौकात एकटीच उभी होती. हात धरला तं चुपचाप सोबत आली. हरवली असन म्हनून घेऊन चाल्लो होतो."

"कुठे घेऊन चालला होता?"

"पोलिसात," तो म्हणाला. पोलीस स्टेशन मागच्या बाजूला होतं. जीप आरमोरीला जात होती.

मी आणखी काही विचारलं नाही. तो उतरला आणि बाजारातल्या गर्दीत गेला. खरं काय होतं ते मला आजही माहीत नाही. कदाचित तो खरंच चांगला माणूस असेल. पण मी अडवलं नाही, कुणाला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं — इतकी मोठी पोरगी, नाही कशी म्हणाली नाही?

समूचा चेहरा शांत होता. मी तिच्या चपलांकडे पाहिलं. पाहायला नको होतं.

कुंदाबाईनं तिला पाहिलं आणि तिथेच खाली बसली, मासोळीच्या टोपलीपाशी. तळहातानं स्वतःच्या कपाळावर मारत सुटली. "म्याच हात सोडला! माह्याच हातानं पोट्टीले सोडलं, ताई! मी कशी माय आहो वो!"

तेव्हा मी तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होते — कुंदाबाई, तिला नाही म्हणता येत होतं. तुम्ही सहा वर्षं घालून ते ओळखलं होतं. मी एका सकाळी —

"होतं असं," मी म्हणाले. "बाजारात गर्दी असते. तुमची काही चूक नाही, पण लक्ष ठेवायला पाहिजे."

लक्ष ठेवायला पाहिजे. हे मी तिला म्हणाले.

त्या दिवसापासून कुंदाबाई बाजारात येताना एका जुन्या ओढणीचं एक टोक समूच्या मनगटाला बांधते आणि दुसरं स्वतःच्या कमरेला. लोक हसतात, ती बांधतेच. मी एकदा पाहिलं, समू स्वतःच मनगट पुढे करून उभी राहते.

आणि मागच्या महिन्यात पुन्हा चंद्रपूर. वाढत्या वयात मेंदू कसा बदलतो ते बघायला त्याच मुलांचे पुन्हा फोटो काढायचे होते, आणि मॅडमना सगळ्यांत आधी समू हवी होती. कुंदाबाईला संमतीचा कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुमी सोबत असान तं घेऊन जा." मला आजारी पडता आलं असतं, काम सोडता आलं असतं, काहीतरी करता आलं असतं. मी गाडी ठरवली.

त्या खोलीत या वेळी कुणाला काही सांगावं लागलं नाही. समू आपण होऊन टेबलावर चढली, पडली, हात दोन्ही बाजूंना सरळ ठेवले. तो पिंजरा बसवला, तिनं डोळे मिटून घेतले. मी तिचा हात धरला. मऊ, सैल, कुणाचाही असावा तसा.

"काय म्हणतेय?" मॅडमनी स्पीकरवरून विचारलं.

"काही म्हणत नाहीये, मॅडम."

"नको म्हणत नाहीये ना पण?"

"नाही," मी म्हणाले.

खरं उत्तर होतं ते. सगळ्या वर्षांतलं एकमेव खरं. आणि त्याच्यामागे लपून मी दुसऱ्यांदा तिला आत जाऊ दिलं. या वेळी मी तिच्या पायांकडे बघितलं नाही, पाऊण तास भिंतीकडे बघत उभी राहिले. प्रतिमा पहिलीपेक्षाही स्वच्छ आल्या.

आता रोज कशाची भीती वाटते ते सांगते. कुंदाबाई म्हातारी होईल. देवाजीभाऊ दिवसभर तलावात असतात. कोपऱ्यावरचं दुकान, शेजारचा कुणी, लग्नाचा मांडव, शाळेची गाडी, पांढरा शर्ट घातलेला कुणीही. मी भाजी चिरत असते आणि हे येतं. वर्गात शिकवत असते आणि येतं. फोन वाजला आणि कुंदाबाईचं नाव दिसलं की तो उचलायला माझा हात पुढे होत नाही, आणि न उचलताही राहवत नाही. प्रत्येक वेळी ती काहीतरी साधंच सांगते. रेशनचं धान्य आलं. समूला ताप होता, उतरला. आणि प्रत्येक वेळी फोन ठेवताना म्हणते, "तुमचे उपकार आहेत, ताई."

मी तिला सांगितलेलं नाही. मॅडमना सांगितलेलं नाही. हे लिहून झाल्यावर सांगेन, असंही मी इथे म्हणणार नाही, कारण मी स्वतःला ओळखते.

समू आता चौदा वर्षांची आहे. ती कुणालाच नाही म्हणत नाही. तिला ते येत होतं.